यार्ड कुणाच्या नावावर?

२००६ च्या मार्च महिन्यात सिॲटलच्या सीहॉक्स संघापुढे दोन खेळाडूंचे करार होते. पहिला शॉन अलेक्झांडर. आदल्या हंगामात चेंडू घेऊन तो १,८८० यार्ड धावला होता, २८ टचडाउन करून, म्हणजे तितक्या वेळा चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन, त्यानं तोवरचा विक्रम मोडला होता आणि अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली होती. त्याचा संघ इतिहासात पहिल्यांदाच सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात पोचला होता. दुसरा स्टीव्ह हचिन्सन. हा पुढच्या फळीतला डावा गार्ड. समोरच्या दांडग्याला रेटत बाजूला नेणं हे त्याचं काम. चेंडू सहसा त्याच्या हातात येत नाही आणि आकडेवारीच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे यार्डांचा रकाना नसतो.

अलेक्झांडरला सिॲटलनं आठ वर्षांचा, ६ कोटी २० लाख डॉलरचा करार दिला. हचिन्सनला मिनेसोटा व्हायकिंग्सनी सात वर्षांसाठी ४ कोटी ९० लाख डॉलर देऊ केले. तेवढंच देऊन त्याला ठेवून घेण्याचा हक्क नियमानुसार सिॲटलकडे होता. पण मिनेसोटानं करारात एक मेख मारून ठेवली होती. हचिन्सन ज्या संघात खेळेल, तिथल्या फळीतला तो सर्वांत महागडा खेळाडू नसेल, तर करारातली सगळी रक्कम हमीची होणार होती. सिॲटलच्या फळीत वॉल्टर जोन्स त्याच्याहून जास्त पगार घेत होता, त्यामुळे ही अट फक्त सिॲटललाच जाचणार होती. लवादानं कलम वैध ठरवलं आणि हचिन्सन गेला.

पुढच्या हंगामात अलेक्झांडरच्या पावलाचं हाड मोडलं. परतल्यावर तो पूर्वीचा राहिला नव्हता. दर धावेमागची त्याची सरासरी ५.१ यार्डांवरून ३.६ वर आली आणि हंगामाची बेरीज ८९६ यार्डांवर थांबली. २००७ मध्ये ती ७१६ झाली. २००८ मध्ये, कराराची बरीच वर्षं शिल्लक असताना, संघानं त्याला मोकळं केलं. तिकडे मिनेसोटात हचिन्सनच्या मागून २००६ मध्ये चेस्टर टेलर १,२१६ यार्ड धावला. २००७ मध्ये एड्रियन पीटरसन या नवख्या पोरानं त्याच फळीमागून एका सामन्यात २९६ यार्ड काढले, आणि तो लीगचा विक्रम ठरला. हचिन्सन २०२० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

अलेक्झांडरची घसरण मोडलेल्या हाडामुळे किती झाली आणि गेलेल्या गार्डामुळे किती, हे सुटं करून दाखवता येत नाही. पण त्या एका महिन्यात सिॲटलपुढे जो प्रश्न होता, तोच एनएफएलमधल्या ३२ संघांपुढे दर वसंतात असतो. धावणाऱ्याच्या नावावर लागलेल्या यार्डांतले त्याचे स्वतःचे किती, आणि उरलेल्यांचे पैसे त्याला का द्यायचे?

खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मैदान १०० यार्डांचं, अकरा विरुद्ध अकरा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे जातो. क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू आला की त्याच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात: पुढे पळणाऱ्या साथीदाराकडे चेंडू फेकायचा, किंवा मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या पोटाशी तो सोपवायचा. चेंडू छातीशी धरून मुसंडी मारणारा हा रनिंग बॅक पाहून मराठी माणसाला कबड्डीतला चढाईपटू आठवेल: एकटा आत शिरणारा, सात जणांना हुलकावणी देऊन परतणारा. टीव्हीवर तो तसाच दिसतो. पण चढाईपटूसाठी कुणी वाट करून देत नाही. रनिंग बॅकसाठी सेंटर, दोन गार्ड आणि दोन टॅकल असे पाच जण, प्रत्येकी एकशेचाळीस किलोच्या आसपासचे, आधी खिंडार पाडतात. तो त्या खिंडारातून जातो. खिंडार पडलंच नाही तर उत्तमातला उत्तम धावपटूही जागच्या जागी गाडला जातो.

एके काळी हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. क्लीव्हलँडच्या जिम ब्राउननं १९५७ ते १९६५ या नऊ हंगामांत १२,३१२ यार्ड काढले, शिकागोच्या वॉल्टर पेटननं पुढे त्याला मागे टाकलं, आणि त्या काळी शहरांची ओळख अशा खेळाडूंवरून होई. १९७८ मध्ये लीगनं नियम बदलले. चेंडू झेलायला पळणाऱ्याला पाच यार्डांपलीकडे धक्के मारायला बंदी आली आणि क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या लाइनमनना हात पसरून रेटायची मुभा मिळाली. पास सोपा झाला आणि खेळाचं गणित तिथून हळूहळू फिरलं. प्रशिक्षकांना आणि मालकांना ते पटायला मात्र पुढची दोन दशकं तरी लागली. १९८९ मध्ये मिनेसोटानं हर्शेल वॉकर या एका रनिंग बॅकसाठी डॅलस काउबॉइजना पाच खेळाडू आणि नव्या खेळाडूंच्या निवडीचे हक्क यांचा ढीग दिला. डॅलसनं त्या ढिगाच्या जोरावर तीन सुपर बोल जिंकणारा संघ उभारला. १९९९ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांनी रिकी विल्यम्स मिळवण्यासाठी त्या वर्षीचे आपले सगळेच्या सगळे निवडहक्क, वर पुढच्या वर्षीचे दोन, वॉशिंग्टनला देऊन टाकले. त्या हंगामात संघ १६ पैकी १३ सामने हरला आणि डिटकांची नोकरी गेली.

याच्या नेमकं उलट डेन्व्हरमध्ये चाललं होतं. माझ्या मते या विषयाची सगळ्यात चांगली शाळा तीच. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजांतून नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, डेन्व्हर ब्रॉन्कोजनी १९६ व्या क्रमांकावर टेरेल डेव्हिसला घेतलं. १९५ वेळा कुणालाच तो हवासा वाटला नव्हता. प्रशिक्षक माइक शानाहान आणि फळीचे प्रशिक्षक ॲलेक्स गिब्ज यांनी फळीची रीतच वेगळी ठेवली होती. लाइनमन त्या मानानं हलके आणि चपळ, आणि प्रत्येकानं आपापला गडी हुडकत बसण्याऐवजी पाचही जणांनी एकाच दिशेनं एकत्र सरकायचं. बचावफळी त्यांच्याबरोबर वाहत जाते, कुठेतरी फट पडते. धावणाऱ्यानं नाचायचं नाही. एकदाच पाऊल रोवायचं, वळायचं आणि त्या फटीत घुसायचं. १९९८ मध्ये डेव्हिस २,००८ यार्ड धावला. संघानं लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले.

१९९९ च्या चौथ्याच सामन्यात डेव्हिसचा गुडघा गेला. चौथ्या फेरीतला नवखा ओलँडिस गॅरी आला आणि १,१५९ यार्ड धावला. पुढच्या वर्षी सहाव्या फेरीतला माइक अँडरसन, पूर्वी मरीन सैन्यदलात नोकरी केलेला, १,४८७ यार्ड धावला. मग दुसऱ्या फेरीतला क्लिंटन पोर्टिस आला. त्यानं २००२ मध्ये १,५०८ आणि २००३ मध्ये १,५९१ यार्ड काढले. दोन्ही वर्षी सरासरी साडेपाच यार्डांची, म्हणजे अफाट. अशा खेळाडूचं कोणताही संघ काय करेल? डेन्व्हरनं त्याला वॉशिंग्टनला देऊन टाकलं. बदल्यात चॅम्प बेली हा बचावपटू घेतला, वर दुसऱ्या फेरीचा एक हक्कही. वॉशिंग्टननं पोर्टिसला आठ वर्षांचा ५ कोटी डॉलरच्या वरचा करार दिला. तिथल्या पहिल्याच हंगामात तो जास्त वेळा धावला आणि त्याची सरासरी ३.८ वर आली. डेन्व्हरमध्ये रूबेन ड्रॉन्झनं त्याच जागेवरून १,२४० यार्ड काढले. बेली पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला.

पोर्टिस वाईट खेळाडू नव्हता, तो उत्तमच होता. पण डेन्व्हरच्या यार्डांचा मोठा हिस्सा डेन्व्हरचाच होता, आणि वॉशिंग्टननं तो पोर्टिसच्या नावानं विकत घेतला.

ही समज पुढे आकड्यांनी पक्की झाली. तिची मुळं जुनी आहेत. व्हर्जिल कार्टर हा सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक आणि रॉबर्ट मॅकोल हे प्राध्यापक, या दोघांनी १९७१ मध्येच एक शोधनिबंध लिहिला होता. मैदानाच्या अमुक ठिकाणी चेंडू हाती असला की सरासरी किती गुण मिळण्याची आशा धरावी, हे त्यांनी मोजलं. यार्डापेक्षा ही मोजपट्टी फार शहाणी आहे. तिसऱ्या प्रयत्नात एक यार्ड हवा असताना मिळालेले दोन यार्ड मोलाचे असतात. दहा हवे असताना मिळालेले चार बिनकामाचे. या मोजपट्टीनं पाहिलं की पास धावेपेक्षा सरस ठरतो. धावेला सरासरी चार-साडेचार यार्ड, पासच्या प्रत्येक प्रयत्नाला सहा-सात. पासमध्ये चेंडू समोरच्याच्या हाती जाण्याचा धोका असतो, तो हिशेबात धरूनही पासच पुढे राहतो.

मग जिंकणारे संघ जास्त धावताना का दिसतात? या प्रश्नानं पिढ्यान्पिढ्या भल्याभल्यांना चकवलं. धावपटूनं २५ वेळा चेंडू नेला की संघ जिंकतो, असं समालोचक छातीठोकपणे सांगत. २००३ च्या सुमारास एरन शॅट्झ या विश्लेषकानं असले दावे तपासायला घेतले, आणि कारण-परिणामाची जोडी उलटी असल्याचं दिसून आलं. पास जमिनीवर पडला की घड्याळ थांबतं. धावेनंतर ते बहुधा चालू राहतं. आघाडीवर असलेल्या संघाला शेवटच्या पाव भागात वेळ संपवायचा असतो, म्हणून तो धावतो. तो आधी पुढे जातो आणि मग धावतो. आकडेवारी वाचायला शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात हे उदाहरण बिनदिक्कत घ्यावं.

२०१९ च्या अखेरीस लीगनंच एक स्पर्धा ठेवली. खेळाडूंच्या खांद्यावरच्या पॅडमध्ये बसवलेल्या चिप सेकंदाला दहा वेळा त्यांची जागा नोंदवतात. चेंडू धावणाऱ्याच्या हाती पडल्या क्षणी बावीसही जण कुठे आहेत, किती वेगानं कुठे चालले आहेत, एवढ्यावरून किती यार्ड मिळतील ते सांगा, असं आव्हान होतं. जिंकलेली जोडी ऑस्ट्रियातली होती, फिलिप सिंगर आणि दिमित्री गोर्देयेव्ह. त्यांच्या प्रारूपाचा सगळा भर कोण कुणापासून किती दूर आहे आणि किती वेगानं जवळ येतं आहे, यावर होता. याच धर्तीवर पुढे ‘अपेक्षेपेक्षा जास्त यार्ड’ हे माप प्रचारात आलं. त्या जागी सरासरी धावपटूनं जेवढे काढले असते, त्यावर याचे किती? हा फरक असतो, पण लहान असतो आणि दर वर्षी टिकत नाही.

इथवर वाचून कुणी डॅलसच्या एमिट स्मिथचं नाव पुढे करेल. १९९३ मध्ये पगारावरून बिनसल्यानं तो घरी बसला, गतविजेता डॅलस पहिले दोन्ही सामने हरला. मालक जेरी जोन्स यांनी चार वर्षांसाठी १ कोटी ३६ लाख डॉलर मान्य केले, तो परतला आणि डॅलसनं पुन्हा सुपर बोल जिंकला. लीगचा आणि अंतिम सामन्याचा, दोन्हीकडचा सर्वोत्तम खेळाडू तोच. याहून लखलखीत पुरावा कोणता?

पण तारीख बघावी. पगाराची कमाल मर्यादा लीगमध्ये आली १९९४ मध्ये. १९९३ मध्ये जोन्स यांनी स्मिथला दिलेला पैसा त्यांच्या खिशातून गेला, एखाद्या गार्डाच्या वाट्यातून नाही. १९९४ मध्ये ही मर्यादा संघामागे ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख झाली. रक्कम कितीही वाढो, ती सगळ्यांना सारखीच आहे आणि त्यात ५३ जणांचा संघ बसवायचा आहे. धावणाऱ्याला दिलेला प्रत्येक डॉलर दुसऱ्या कुणाला तरी न दिलेला असतो. म्हणून नुसतं ‘हा उत्तम आहे का’ असं विचारून भागत नाही. याच्याऐवजी एक कोटीत आणखी कोण आलं असतं, हेही विचारावं लागतं.

मर्यादेच्या काळातले मोठे करार एकामागून एक वाचले तर मन खिन्न होतं. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघानं टॉड गर्लीला ५ कोटी ७५ लाखांचा करार दिला. त्या डिसेंबरात त्याचा गुडघा दुखावल्यावर त्यांनी सी. जे. अँडरसनला आणलं. त्याच हंगामात दोन संघांनी त्याला काढून टाकलं होतं, तो अक्षरशः बेकार होता. आल्या आल्या तो लागोपाठच्या दोन सामन्यांत १६७ आणि १३२ यार्ड धावला, बाद फेरीत डॅलसविरुद्ध १२३. गर्लीला २०२० मध्ये सोडून दिलं. डॅलसनं २०१९ मध्ये एझिकिएल एलियटला सहा वर्षांसाठी ९ कोटी दिले. २०२२ पर्यंत चौथ्या फेरीतला टोनी पोलार्ड त्याच्याहून कमी वेळा धावून जास्त यार्ड काढू लागला होता, आणि २०२३ च्या मार्चमध्ये एलियट गेला. पिट्सबर्गचा लेव्हियॉन बेल २०१८ मध्ये अख्खा हंगाम घरी बसला. त्याच्या जागी आलेल्या जेम्स कॉनरनं १३ सामन्यांत धावून १२ टचडाउन केले.

या करारांत एक धागा आहे. संघानं झालेल्या कामाचे पैसे पुढच्या वर्षांत मोजले. रनिंग बॅकचं शरीर हंगामात तीनशे वेळा आपटतं, आणि सत्ताविशी-अठ्ठाविशीनंतर बहुतेकांची उतरण सुरू होते. मोठ्या कराराची वर्षं बहुधा नेमकी त्याच उंबरठ्यावर येतात.

तरीही ‘रनिंग बॅकनं काही फरक पडत नाही’ ही विश्लेषकांत रुळलेली घोषणा मला मान्य नाही. ती का मान्य नाही, ते फिलाडेल्फियानं दाखवलं.

२०२२ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सकडून माइल्स सँडर्स १,२६९ यार्ड धावला, सरासरी ४.९. तो करार संपल्यावर कॅरोलायनात गेला, तिथे ४३२ यार्ड, सरासरी ३.३. त्याच्या जागी २०२३ मध्ये डिआंड्रे स्विफ्ट आला: १,०४९ यार्ड, सरासरी ४.६. तोही शिकागोत गेला, तिथे सरासरी ३.८. आणि २०२४ मध्ये आला सेक्वॉन बार्कली. तो सहा हंगाम न्यूयॉर्क जायंट्सकडे होता. नावात न्यूयॉर्क असलं तरी हा संघ खेळतो न्यू जर्सीत, आणि तिथल्या मराठी वाचकांना बार्कली ठाऊक असेल. जायंट्सची फळी कायम गळकी. २०२३ मध्ये त्यांच्याकडून तो ९६२ यार्ड धावला, सरासरी ३.९. फिलाडेल्फियात, जॉर्डन माइलाटा आणि लेन जॉन्सन यांच्या मागून, जेफ स्टाउटलँड या प्रशिक्षकानं घडवलेल्या फळीमागून, तो २,००५ यार्ड धावला. सरासरी ५.८.

ही ओळ नीट पाहावी. फळी बरीचशी तीच, आणि धावणारे तीन. दोघांनी साडेचार ते पाच यार्ड काढले आणि बाहेर गेल्यावर दोघेही कोसळले. म्हणजे बरंचसं श्रेय फळीचं, आणि क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स स्वतः पळू शकतो या बचावफळीच्या धास्तीचंही. पण तिसऱ्यानं त्याच खिंडारातून सरासरी एक यार्ड जास्त काढला. तो एक यार्ड बार्कलीचा. इतरांना खिंडारातून आठ यार्ड मिळत, तिथे तो साठ काढी, कारण मोकळ्या मैदानात त्याला गाठणारा माणूस लीगमध्ये दुर्मीळ होता. न्यूयॉर्कमध्येही त्याच्याकडे हा गुण होता. पण तिथे तो खिंडारापर्यंत पोचेपर्यंतच दोघं अंगावर आलेले असत.

म्हणून माझं म्हणणं असं, की रनिंग बॅकवर पैसा खर्च करायला हरकत नाही, पण सगळ्यांत शेवटी. फळी उभी आहे, क्वार्टरबॅक आहे, बचाव आहे, आणि तरी थोडी रक्कम हाती उरते, तेव्हा. फिलाडेल्फियानं बार्कलीला तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख दिले ते या क्रमानं. जायंट्सनी २०१८ मध्ये ड्राफ्टमधल्या दुसऱ्या क्रमांकाचा हक्क त्याच्यावर घातला होता, तो फळी नसताना. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू ठरला आणि संघ १६ पैकी ११ सामने हरला. माणूस तोच होता. चुकला तो खर्चाचा क्रम. २०२५ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियानं कॅन्सस सिटीला ४०-२२ असं हरवून सुपर बोल जिंकला. त्या दिवशी बार्कलीला अवघे ५७ यार्ड मिळाले. कॅन्सस सिटीनं त्यालाच अडवायचा चंग बांधला होता, आणि मोकळ्या राहिलेल्या बाजूंनी हर्ट्सनं सामना नेला.

जोखीम मात्र क्रम पाळूनही जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोकडे उत्तम फळी होती, उत्तम प्रशिक्षक होता, आणि ख्रिश्चन मकॅफ्री हा धावण्याइतकाच चेंडू झेलण्यातही पटाईत असलेला खेळाडू होता. पास झेलणारा रनिंग बॅक पासच्या महागड्या अर्थव्यवस्थेत शिरतो, म्हणून त्याचं मोल खरोखर जास्त. २०२३ चा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू तोच. २०२४ मध्ये त्याला वर्षाला १ कोटी ९० लाखांचा वाढीव करार मिळाला, आणि त्या हंगामात तो चार सामने खेळला.

आता दुसरी बाजू, आणि तिच्याबद्दल मला पहिलीपेक्षा जास्त पोटतिडीक आहे. ‘बाजारानं किंमत ठरवली’ असं म्हणून संघ मोकळे होतात. पण हा बाजार मोकळा नाही. २०११ च्या सामूहिक करारानं नवख्यांचे पगार क्रमांकानुसार बांधून टाकले. पहिला करार चार वर्षांचा, पहिल्या फेरीतल्या खेळाडूसाठी पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर. त्यानंतरही संघ ‘टॅग’ लावून त्याला एकेक वर्ष रोखू शकतो. टॅगची रक्कम ठरते त्या जागेवरच्या वरच्या पगारांवरून. म्हणजे पगार खाली गेले की टॅगही खाली, आणि टॅग खाली की पुढच्या वाटाघाटीही तिथूनच सुरू. २०२३ मध्ये क्वार्टरबॅकचा टॅग ३ कोटी २४ लाखांचा होता, रनिंग बॅकचा १ कोटी १ लाख. किक मारणारे सोडले तर सगळ्यांत कमी.

क्वार्टरबॅक वयाच्या पस्तिशीतही ऐन भरात असू शकतो, त्याला पाच-सहा वर्षं थांबणं परवडतं. रनिंग बॅकची सर्वोत्तम वर्षं ती पहिली चार-पाचच असतात, आणि नेमकी तीच बांधील दरात खर्ची पडतात. त्याआधी शाळा संपल्यापासून तीन वर्षं लीगमध्ये यायला बंदी, म्हणून कॉलेजात शेकडो वेळा आपटून घेणं. २०२१ पर्यंत तिथे खेळाडूला स्वतःच्या नावावर चार पैसे कमावण्याचीही परवानगी नव्हती. मग तो मोकळा होतो, तेव्हा संघ वयाचा तक्ता पुढे करतात. त्या एका वाटाघाटीत संघाचं गणित बरोबर असतं. तिथवर पोचायची वाट मात्र त्याच्या विरोधात आखलेली असते.

२०२३ च्या जुलैमध्ये बार्कली, जोश जेकब्ज आणि टोनी पोलार्ड या तिघांनाही टॅगवरच खेळावं लागणार हे नक्की झालं. जेकब्ज तर आदल्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक यार्ड धावलेला. काही दिवसांतच ऑस्टिन एकलरनं पुढाकार घेऊन लीगमधल्या बड्या रनिंग बॅकची ऑनलाइन बैठक बोलावली. हाती काही लागलं नाही. त्यांची संघटना सगळ्या खेळाडूंची आहे, आणि मर्यादेतली रक्कम एका जागेकडे वळवली की ती दुसऱ्या जागेच्या पगारातून जाते, हे लाइनमन आणि क्वार्टरबॅकनाही कळतं. टॅगची रक्कम वाढवल्यानं फारसं साधणार नाही, संघ टॅग लावणंच सोडतील. खरा उपाय काळ कमी करण्याचा आहे: रनिंग बॅकचा पहिला करार तीन वर्षांचा करावा आणि या जागेपुरता टॅग रद्द करावा. मग संघ तेविशी-चोविशीतल्या खेळाडूला, पुढची चांगली वर्षं नजरेसमोर ठेवून, पैसे देतील. त्यात संघांचंही नुकसान नाही.

असा बदल सामूहिक करारातच होऊ शकतो, आणि सध्याचा करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये लास व्हेगासच्या रेडर्स संघानं सहाव्या क्रमांकावर ॲश्टन जेंटीला घेतलं. आदल्या वर्षी बॉइझी स्टेट विद्यापीठाकडून तो ३७४ वेळा चेंडू घेऊन २,६०१ यार्ड धावला होता. त्याचा पहिला करार २०२८ पर्यंत. पाचवं वर्ष संघानं घेतलं तर २०२९. टॅग लावला तर २०३०. संघानं हे हक्क एकेकदा वापरले, तर आपल्या धावण्याची किंमत खुल्या बाजारात विचारायला तो पहिल्यांदा २०३१ च्या मार्चमध्ये मोकळा होईल, सत्ताविसाव्या वर्षी.